रिकाम्या खोलीची बखर

भिलाईच्या पोलादनगरीतून दक्षिणेस निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर उतई लागते. आज तेथे नगर पंचायत आहे, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, सिमेंटची दुमजली घरे आहेत. तथापि मोठा रस्ता सोडून आत वळले की जुन्या छत्तीसगढी वळणाची मातीची घरे अद्यापि दृष्टीस पडतात. वर खापऱ्या, छुही नावाच्या पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंती, पुढे परछी म्हणजे आपली पडवी, मध्ये अंगण आणि शेणाने सारवलेली जमीन. आत डोकावले तर एक खाट, भिंतीत दोन कोनाडे, दांडीवर कपडे, कोपऱ्यात धान्याची मातीची कोठी. बाकी सारी खोली मोकळी. तेथून भिलाईस परतावे आणि नव्याने दुरुस्त करून घेतलेल्या एखाद्या फ्लॅटचे दार उघडावे. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, एक बुटका सोफा, कुंडीत एक रोप. बाकी सारी खोली मोकळी. पहिल्या खोलीला कोणी नाव दिलेले नाही. दुसरीला 'मिनिमॅलिस्ट' म्हणतात, आणि ती तशी दिसावी म्हणून धन्याने काही लाख रुपये मोजलेले असतात.

आमच्या परिचयाच्या कित्येक निवृत्त अधिकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत आपली घरे या पद्धतीने सजवून, किंबहुना उजवून, घेतली. त्यात निंद्य काही नाही. अडगळीने कोंदलेल्या घरापेक्षा मोकळे घर केव्हाही बरे. परंतु ही रीत परदेशातून कालपरवा आली आणि आपल्याकडे घर म्हणजे आजवर सामानाची खोगीरभरती होती, असा जो समज तिच्यासोबत येतो, तो इतिहासास धरून नाही. मोकळ्या खोलीची वंशावळ आपल्याकडे जुनी आहे, आणि परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा तर तिच्याशी दुहेरी संबंध आहे. खोलीचे मोल तीत काय नाही यावरून करावे, की तीत काय घडू शकते यावरून, हा आमच्यापुढील प्रश्न. आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे हे वाचकांस आधीच सांगून टाकतो.

प्रारंभ बुऱ्हाणपुरापासून करू. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाच्या उंबरठ्यावरचेच. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून मोगल दरबाराकडे जात असता १६१५ च्या नोव्हेंबरात येथे शाहजादा परवीझ याच्या भेटीस गेला. उभे राहून शिणलेल्या या गृहस्थाने बसावयास खुर्ची मागितली. या ठिकाणी कोणी बसत नसते, हवे तर चांदीने मढविलेल्या खांबाला टेकावे, असे उत्तर मिळाल्याचे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. दरबारी शिष्टाचाराचा हा भाग खरा. पण खुर्ची नावाची वस्तू त्या दालनाच्या कल्पनेतच बसत नव्हती, हेही तितकेच खरे. यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १७९० मध्ये, टिपूविरुद्धचा तह पक्का करण्यासाठी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पुण्यास सवाई माधवरावांच्या दरबारात आला. त्या प्रसंगाचे चित्र जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले. एवढा मोठा दरबार, सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, शेकडो माणसे, आणि सारी बिछायतीवर. मॅलेटही खालीच. ज्या शनिवारवाड्यातील हा देखावा, तो १८२८ च्या आगीत जळून गेला, चित्र राहिले.

त्या दालनात सामान कोणते? जाजम, गाद्या, लोड, तक्के, गिरद्या. सकाळी अंथरावयाचे, काम झाले की गुंडाळावयाचे. बैठक हा मराठी शब्दच पाहावा. बसण्याची जागा ती बैठक, बसण्याची ढब ती बैठक, आणि बसलेल्या मंडळींची सभा तीही बैठकच. गवयाने गाणे केले की त्या गाण्यालाही हेच नाव. खोलीचे नाव तीतल्या वस्तूंवरून पडले नाही, माणसांच्या बसण्यावरून पडले. एकाच खोलीत सकाळी हिशेब होत, दुपारी कोणी आडवे होई, सायंकाळी पुराण सांगितले जाई आणि रात्री पाहुण्यांची अंथरुणे पडत. दप्तरही तसेच. कागद रुमालात बांधलेले, दौत-लेखणी पेटीत. रुमाल उचलला की कचेरी उठली. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर रतनपुरावर आली, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले, आणि मोडी लिहिणारा मराठी कारकून छत्तीसगढात आला, तो याच सरंजामानिशी. आज आपण ज्यास बदलीचा नोकर म्हणतो त्याचा तो या प्रदेशातील मूळ पुरुष. त्याचे घर रुमालात आणि वळकटीत मावत असले पाहिजे.

खुर्ची जिंकली ती इंग्रजी कचेरीमुळे. बूट काढावयाचे नाहीत असे एकदा ठरले म्हणजे जाजमावर बसणे संपते. बूट आणि खुर्ची ही जोडीनेच आली. प्रथम ती साहेबापुढे, मग साहेबाच्या चिटणिसाकडे, मग वकील-मामलेदारांच्या दिवाणखान्यात गेली. माजघरापर्यंत जावयास तिला आणखी दोन पिढ्या लागल्या. शब्दांचा प्रवासही मौजेचा आहे. खुर्ची अरबीतून आली, अलमारी पोर्तुगिजांकडून. 'कपाट' तेवढे शुद्ध संस्कृत. पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. इंग्रजी 'कबर्ड'च्या उच्चारसाम्याने मराठीत ते सामानाची पेटी होऊन बसले असावे. हिंदीने जुना अर्थ सोडला नाही. केदारनाथाचे कपाट उघडल्याची वार्ता दरवर्षी येते ती दारांची. म्हणून भिलाई-रायपूरकडे नव्याने आलेली मराठी गृहिणी हिंदी सुताराला 'कपाट नीट बसवून द्या' म्हणते आणि तो मुकाट्याने दाराच्या बिजागऱ्या तपासू लागतो, हा प्रकार आम्ही एकाहून अधिक घरी ऐकिला आहे.

परंतु कपाट आले ते केवळ साहेबाचे पाहून आले असे समजणे चुकीचे होईल. त्यास एक जड, मातीचे कारण आहे, आणि सजावटीवर लिहिणारे त्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. ते म्हणजे भिंतीची जाडी. उतईच्या मातीच्या घराची भिंत हातभर रुंद. पुण्या-नागपूरच्या वाड्यांची भिंत विटांची असो वा मातीची, दोन दोन फूट. एवढी भिंत असली म्हणजे तिच्या पोटात जागा निघते. कोनाडा, हिंदीत ज्यास आला म्हणतात तो, आणि दारे लावलेले फडताळ ही सारी भिंतीच्या जाडीत मावत. दिवा, पोथी, औषधाची बाटली, हळदीकुंकवाचे पंचपाळे, आजोबांचा चष्मा, प्रत्येकाला भिंतीत घर होते. खुंटीवर पगडी आणि उपरणे. खोलीची एक बोटभर जागाही त्यासाठी खर्ची पडत नसे. सिमेंट आणि भाजलेली वीट आली, भार पेलण्यासाठी रुंद भिंतीची गरज उरली नाही, बाहेरची भिंत नऊ इंचांवर आणि आतली साडेचार इंचांवर आली. साडेचार इंचांत कोनाडा कोठून काढणार? भिंतीच्या पोटात जे राहत असे ते बाहेर पडले आणि खोलीत उभे राहिले. गोदरेज कंपनीने १९२३ पासून पोलादी कपाटे करावयास आरंभ केला, आणि पुढील अर्धशतकात ते हिरवट-करडे कपाट मध्यमवर्गीय घरात एखाद्या वडीलधाऱ्यासारखे स्थानापन्न झाले. (वाचकांपैकी जे भिलाईकर असतील त्यांस सांगावयास नको की येथले पोलाद मुख्यतः रुळांचे आणि जाड पत्र्याचे, कपाटाचा पातळ पत्रा हा दुसऱ्या कारखान्यांचा प्रांत.)

येथे जुन्या घराची बाजू घेताना तारतम्य ठेविले पाहिजे. बैठकीचे मोकळेपण मागच्या खोल्यांच्या भरलेपणावर उभे होते. पुढे जाजम आणि चार लोड. मागे उतरंड, रांजण, कोठीची खोली, शिंकी, माळ्यावर लोणच्याच्या बरण्या आणि लग्नकार्याची भांडी. पुढे पुरुष बसत, मागे बायका राबत. अंथरुणे गुंडाळणे, जाजम झटकणे, सारवणे, पाट मांडणे आणि उचलणे, ही कामे रोजची होती, आणि ज्या हातांनी ती होत ते हात त्या बैठकीत बसावयास येत नसत. मोकळी खोली आपोआप मोकळी राहत नाही. तिला दिवसातून दोनदा मोकळी करावी लागते. शिवाय ती मोकळी होती म्हणून सर्वांना खुली होती असेही नाही. कोण अंगणात थांबेल, कोण ओसरीवर बसेल, कोण जाजमापर्यंत येईल, याचे नियम जातीने घालून दिले होते आणि ते जाजमापेक्षा घट्ट विणलेले होते.

रिकामेपण कोणी निवडलेले आणि कोणावर लादलेले, हा भेदही विसरता येत नाही. मुंबईत १९२० नंतर बी.डी.डी. चाळी उठल्या, त्यांतील एक बिऱ्हाड म्हणजे सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. तेथे अंथरुणे दिवसा गुंडाळून ठेवीत ती सौंदर्यदृष्टीने नव्हे. ती पसरली तर स्वयंपाकाला जागा उरत नसे. परळच्या सुधार विश्वस्तांच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन खोल्यांत वीसहून अधिक वर्षे काढली. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत दादरला त्यांनी 'राजगृह' बांधिले, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. ज्या समाजाला शतकानुशतके वस्तूंचा, वस्त्रांचा आणि ग्रंथांचा अधिकारच नाकारलेला होता, त्यातून वर आलेल्या माणसाने आपले घर पुस्तकांनी छतापर्यंत भरले. त्या घरास कोणी अडगळीचे म्हणावे काय? भरलेले घर ही कधी कधी जिंकलेली लढाई असते.

आता आपल्या स्वतःच्या वर्गाकडे येऊ. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये झाला तेव्हा तो मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. मराठी मुन्सफ, तहसीलदार, शाळा तपासनीस, बंगाल-नागपूर रेल्वेचे बाबू आणि डॉक्टर या पट्ट्यात पसरले होते. या मंडळींच्या घरांचे वर्णन एका वाक्यात करता येते: सारे सामान पुढच्या बदलीच्या तयारीत. ट्रंका एकावर एक रचल्या, वर गादी घातली, गादीवर सोलापुरी चादर, की झाला दिवाण. खोक्यांच्या फळ्यांतून मुलांचे अभ्यासाचे मेज. होल्डॉल दाराआड उभा. भिंतीवर देवाची तसबीर आणि दिनदर्शिका. त्याहून अधिक खिळे ठोकले तर घर सोडताना जाब विचारला जाई. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग-रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, राजधानी भोपाळास गेली. कित्येक कुटुंबांच्या ट्रंका त्या एका तारखेने एकदम हलल्या.

सरकारही या घराचे वजन करीत आले आहे. बदलीच्या वेळी नोकराने सरकारी खर्चाने किती सामान न्यावे याचे नियम जुनेच. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून केंद्रीय नोकरांपैकी सहाव्या वेतनस्तरापासून वरच्यांस सहा हजार किलो, पाचव्या स्तरास तीन हजार आणि त्याखालच्यांस दीड हजार किलो ही मर्यादा झाली. जपानी भिक्षूची झोपडी आणि ग्रीक तत्त्ववेत्त्याचा रांजण यांचे दाखले देणाऱ्या ग्रंथकारांनी हे परिपत्रकही वाचावे, अशी आमची नम्र सूचना आहे. माणसाला किती पुरते या प्रश्नाचे वजनकाट्यावरचे उत्तर इतरत्र क्वचितच सापडेल.

आणि गंमत अशी की, आजच्या सुटसुटीत परदेशी सामानाच्या पूर्वजांत याच बदलीच्या नोकराचे सामान आहे. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक खुर्ची प्रचारात आली. तिला रुरकीचे नाव पडले, कारण तेथील लष्करी अभियंत्यांशी तिचा संबंध. खिळा नाही, स्क्रू नाही. चार पाय, चार आडव्या काठ्या, ताणलेले जाड कापड आणि चामड्याचे पट्टे. खोलून बांधली की खेचराच्या पाठीवर जाते. डेन्मार्कच्या कोर क्लिंट यांनी १९३३ मध्ये तिच्याच धर्तीवर आपली 'सफारी' खुर्ची केली, आणि ती पुढे नव्या घडणीच्या सामानाचा नमुना म्हणून वाखाणली गेली. छावणीत सोय म्हणून जन्मलेली वस्तू दिवाणखान्यात अभिरुची म्हणून परत आली. आता मोठ्या शहरांतील दुकानांत ती आपल्यालाच विकत मिळते.

या नव्या अभिरुचीची तिकडील कुळकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरणाला जवळजवळ गुन्ह्याच्या कोटीत बसविले. जर्मनीतून अमेरिकेस गेलेले वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांनी थोडक्यातच अधिक असते हा मंत्र लोकप्रिय केला. 'मिनिमल' हे विशेषण कलेच्या चर्चेत रूढ झाले ते मात्र बरेच नंतर, रिचर्ड वॉल्हाइम या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १९६५ मधील लेखापासून. मीस यांनी एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टर बाईंसाठी इलिनॉय प्रांतात काचेच्या भिंतींचे एकखणी घर बांधिले. ते १९५१ मध्ये पुरे झाले. जग त्याला आजही तीर्थ मानते. बाई मात्र कोर्टात भांडल्या, आणि १९५३ मध्ये एका मासिकाजवळ त्यांनी गाऱ्हाणे मांडले, त्यातला एक तपशील आम्हांस सबंध सिद्धांतापेक्षा मोठा वाटतो. मोरीखाली कचऱ्याचा डबा ठेवता येत नाही, कारण तो रस्त्यावरून दिसतो आणि घराची शोभा जाते; म्हणून तो दूरच्या कपाटात लपवावा लागतो. घरात राहणाऱ्या बाईने घराच्या दृष्टीला जपावयाचे, हा न्याय आमच्या माजघरातल्या बायकांना ओळखीचा वाटला असता.

साम्यवादी जगातही त्याच सुमारास हीच हवा वाहत होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला मॉस्कोहून बांधकामातील अनावश्यक डौल बंद करण्याचा हुकूम निघाला. खांबांवरची नक्षी, कळस, कमानी सारे रद्द. पुढची घरे साधी, एकसारखी आणि लवकर उभी राहणारी. भिलाईची निवासस्थाने रशियन नकाशावर बांधली असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु सेक्टर एकपासून दहापर्यंत जी नगरी उठली तिचा स्वभाव त्याच काळाचा होता. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि तिच्या आगेमागे बंगाली, आंध्र, मल्याळी, पंजाबी, मराठी कुटुंबे अगदी सारख्या खोल्यांत राहावयास आली. सारख्या खिडक्या, सारखा चुना, सारखी टांड, म्हणजे आपला माळा. दारावरचा क्रमांक झाकला तर कोणाचे घर कोणते हे आत शिरल्यावाचून कळत नसे. आत शिरताच मात्र उंबऱ्यावरची रांगोळी, देव्हाऱ्याची दिशा आणि फोडणीचा वास यांवरून क्षणात कळे. ज्या निवासस्थानांना सारे 'डबे' म्हणत त्यांत पुढल्या खोलीतून खाट बाहेर काढली की गणपती बसे, गाण्याचा वर्ग भरे, बारशाची पंगत उठे. खोली लहान खरी, परंतु ती कोणत्याही एका कामाला बांधलेली नव्हती.

मोकळ्या खोलीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अशा वेळी नागपूरपासून दूर नाही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले. ते गाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तो प्रांत मध्य प्रांतच, म्हणजे वर्धा आणि दुर्ग तेव्हा एकाच सरकारखाली. बापूकुटीच्या भिंती मातीच्या, जमीन सारवलेली, चटई, बैठे मेज. भिंतीवर मात्र मीराबेननी मातीचेच उठावदार ताडवृक्ष घडविले आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. अलंकाराशी त्या कुटीचे वैर नव्हते. इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ च्या जानेवारीत तेथे आले असता त्यांनी एक भेद मांडला, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. माणूस जेथे राहतो ती जागा वेगळी, आणि तो आपले सामान जेथे राखतो ती वेगळी. अलीकडची घरे सामानाच्या सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी बांधलेली असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या कुटीत देशाचे निर्णय झाले, परदेशी पाहुणे येऊन बसले, रोग्यांची विचारपूस झाली. जमीन सर्वांना पुरली.

आता त्या पांढऱ्या फ्लॅटकडे पुन्हा पाहावे. बारा बाय दहाची खोली म्हणजे १२० चौरस फूट. बारा फुटी भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत दोन फूट खोलीचे कपाट लावले की २४ चौरस फूट, म्हणजे खोलीचा पाचवा हिस्सा, गेला. त्याला मूठ नसते, बोटाने दाबले की दार उघडते, म्हणून ते भिंतीसारखे दिसते आणि खोली रिकामी भासते. पलंगाखाली पेटी, सोफ्याखाली पेटी, छताखाली दुसरे खोटे छत. सामान कमी झाले असे नाही. ते गुप्त झाले. वाड्यात जी मागची बाजू होती ती येथे अर्ध्या इंचाच्या प्लायवुडच्या आड उभी आहे. पातळ झालेली भिंत पुन्हा दोन फूट जाड करून घेण्याचा हा महागडा मार्ग आहे, एवढेच आम्ही नमूद करतो. त्यातही कोनाडा नाही. कारण कोनाड्यातली वस्तू दिसते, आणि येथे काही दिसावयाचे नाही असा करार आहे.

खरी हानी दुरुस्तीच्या पहिल्या आठवड्यात होते. सजावटकार विचारतो, यातले काय ठेवावयाचे? भिलाईत चाळीस वर्षे काढलेल्या कुटुंबाच्या माळ्यावरून काय उतरते ते आम्ही पाहिले आहे. काळ्या अक्षरांत नाव आणि 'दुर्ग' असे रंगविलेली ट्रंक. तिच्यावर आधीच्या तीन ठिकाणांची नावे खोडलेली. पितळेचे घंगाळ, आईच्या माहेरचे नाव कोरलेला तांब्या, पाच पाट, त्यांतील एकाचा कोपरा उडालेला. दोरीने बांधलेली सतरंजी. यातली एकही वस्तू संग्रहालयात ठेवावी इतकी जुनी नाही. परंतु रतनपुरास मोडीत लिहिणाऱ्या कारकुनापासून सेक्टर दहाच्या अभियंत्यापर्यंत या प्रदेशात जो मराठी माणूस आला, त्याच्या येण्याचे कागद सरकारी दप्तरात थोडे आणि घरगुती दप्तरात त्याहून थोडे. त्या ट्रंकेवरची खोडलेली नावे हा एका कुटुंबाच्या स्थलांतराचा जवळजवळ एकमेव लेख असतो. पितळ वजनावर जाते, ट्रंक पत्र्याच्या भावाने, पाट फुकट. आम्ही एका घरी निघता निघता त्या नावांची नक्कल तेवढी उतरवून घेतली: बालाघाट, बिलासपूर, राजनांदगाव. मुलगा बंगळुरास असतो. त्याला ती नावे क्रमाने सांगता आली नाहीत, आणि ट्रंक पाहिल्यावर तो बराच वेळ जमिनीवर बसून होता. ट्रंक राहिली. ती आता त्या पांढऱ्या खोलीत खिडकीखाली आहे, वर गादी आहे, आणि सजावटकाराने ती खपवून घेतली आहे.

दुसऱ्या एका घरी असे झाले नाही. घर अतिशय देखणे उतरले. पुढे संक्रांतीचे हळदीकुंकू त्यांच्याकडे ठरले, आणि मंडळाच्या चाळीस बायका येणार म्हटल्यावर खोलीत बसावयास एकंदर पाच जागा आहेत हे ध्यानात आले. खुर्च्या भाड्याने आणाव्यात तर त्या मांडल्यावर वाण लुटावयास हिंडता येत नव्हते. अखेर दोघा मुलांनी सोफा उचलून जिन्याच्या चौकात नेऊन ठेविला, काचेचे मेज शेजाऱ्यांकडे गेले, आणि मंडळाच्या कार्यालयातून सतरंज्या मागवून भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. चाळीसच्या बावन्न बायका आल्या. रात्री सोफा पुन्हा आत घेतला तेव्हा त्याच्या पांढऱ्या कापडावर हळदीचे एक बोट उमटलेले होते. ते अद्याप निघालेले नाही.